काचेची डोणी

मायनं आयुष्यभर पाणी हंड्यानं मोजलं. अंजनीकाठच्या आमच्या गावात होळी झाली की नदीची वाळू व्हायची, विहिरीचा तळ दिसायला लागायचा, आणि सकाळी घरात किती हंडे आले त्यावर संध्याकाळी कोणी अंघोळ करायची ते ठरायचं. जळगावात येऊन तिला २५ वर्षं झाली. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, अंगणात बोअर आहे, तरी नळाला पाणी आलं की तिचे ओठ हलतात. मोजत असते.

तर अशा बाईला मी एका रविवारी सांगितलं, की बैठकीत ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच काचेची टाकी करायचीय. माशांसाठी.

"कितला हंडा?" तिनं विचारलं.

मी मनातल्या मनात भागाकार केला. १,७०० लिटर, १५ लिटरचा हंडा. "एकशे तेरा."

माय थोडा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "घरमा इतलं पानी कोनी ठेवस का रे?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी म्हटलं, आपला कूलर मे महिन्यात दिवसाला पाच-सहा हंडे पिऊन टाकतो, त्याला तू कधी बोलत नाहीस. ही टाकी तर पाणी नुसतं राखून ठेवणार. "कूलर मानसंसले गार करस," माय म्हणाली. "हाई काय करस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं ते अजूनही नाही.

सुरुवात लेकीच्या काचेच्या भांड्यापासून झाली होती. जत्रेतून तिनं दोन गोल्डफिश आणले. गोल्डफिश मूळचा चीनचा, थंड पाण्यातला जीव. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि त्या भांड्यातलं चार लिटर पाणी दुपारी चहाच्या आधणासारखं व्हायचं. पहिल्याच आठवड्यात दोघंही गेले. लेक रडली. मासेवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "सर, लहान टाकी अवघड असते. मोठी सोपी." मला वाटलं, धंद्याची भाषा. घरी येऊन विचार केला तर पटलं. पाणी थोडं असलं की लगेच तापतं, लगेच घाण होतं. जास्त असलं की त्याला बिघडायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आपल्याला सावरता येतं. मोठी म्हणजे किती मोठी, हे मात्र मासेवाल्यानं सांगितलं नव्हतं. ते माझ्या हावरटपणानं ठरवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. द्रवाचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, पाणी किती लांब पसरलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडूलाही पाठ असेल. पण पोरं मान डोलवतात ती शिक्षकाला बरं वाटावं म्हणून, आणि शिक्षकही बहुधा तसाच डोलवत असतो. मला ते खरं कळलं ते काचेच्या दुकानात. हतनूर धरणाच्या मागे तापीचं पाणी कितीही मैल पसरलेलं असू दे, भिंतीला रेटा बसतो तो पाणी किती खोल आहे त्याचा. माझी टाकी ८ फुटांऐवजी ८० फूट लांब असती तरी काच तेवढ्याच जाडीची लागली असती. कागदावर गणित मांडलं तेव्हा कळलं, पुढच्या एका काचेवर सुमारे ७०० किलोचा रेटा येणार. १९ मिलिमीटरची काच घेतली. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी दरवर्षी येते. माझ्या धरणाला एकही नव्हता. तिथून पुढचे काही दिवस झोपेत काच फुटायची.

काचेपेक्षा जमीन जास्त बेभरवशाची. आमची कॉलनी काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावरची घरं वर्षातून एकदा हळूच श्वास घेतात. कॉलनीतल्या प्रत्येक भिंतीला तिरकी चीर आहे ती त्यामुळेच. पाणी, काच, वाळू, दगड, टाकीखालचा लोखंडी घोडा असं मिळून सव्वादोन टनांच्या वर वजन या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर ठेवायचं होतं. मिस्तरी आला, त्यानं फरशीवर टाच आपटून पाहिली आणि मला घरातल्यांसमोर विचारलं, "सर, हत्ती पाळायचाय का?" मग फरशी उखडली, काळी माती काढून टाकली, मुरूम भरून ठोकला, वर काँक्रीट. माय दारात बसून हे सगळं पाहत होती. बैठकीत खड्डा हा प्रकार तिनं फक्त जुन्या वाड्यात गुप्तधन शोधणाऱ्यांकडे पाहिला होता.

घोडा बसवल्यावर मिस्तरीनं पाणसळ काढली. प्लास्टिकची पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक एका कोपऱ्याला, दुसरं दुसऱ्या कोपऱ्याला. ११३ हंड्यांचा कारभार सरळ आहे की नाही, ते पेलाभर पाण्यानं सांगायचं. एक कोपरा सूतभर खाली निघाला. सूतभर म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं, मिस्तरीला नाही वाटलं. त्यानं पत्र्याची पट्टी सारली, वर थर्माकोल अंथरलं आणि विडी पेटवायला बाहेर गेला.

८ फुटांची तयार टाकी आमच्या दारातून आत येणं शक्य नव्हतं, म्हणून काचा सुट्या आणून घरातच जोडल्या. पुढची काच एकटी जवळजवळ ९० किलोची. चार जणांनी ती आणली तेव्हा शेजारचे जिभाऊ कठड्याला धरून उभे होते, आणि "हळू, हळू" म्हणण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत चोख केलं. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचा वास सुटतो. आठवडाभर घरात लोणचं मुरल्यासारखं वाटायचं.

आता पाणी. आमच्या बोअरचं पाणी जड. तुरीची डाळ त्यात शिजत नाही, नळांच्या तोट्या पांढऱ्या होतात, कूलरच्या गवतावर मे संपेस्तोवर मिठागर जमतं. मी मासेवाल्यापुढे हे रडगाणं गायलो, तर त्याचा चेहरा उजळला. आफ्रिकेत मलावी आणि टांगानिका नावाची सरोवरं आहेत, त्यांचं पाणी अल्कधर्मी आहे. तिथल्या माशांना असं जड पाणी मानवतं. ज्या पाण्यानं मायची डाळ २५ वर्षं कच्ची ठेवली त्याला आफ्रिकेत मान आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. माय म्हणाली, मग डाळ तिकडंच शिजवायला पाठव.

एका सकाळी मोटर लावली. पाणी एक एक इंच चढत होतं आणि मी जोडांवरून बोट फिरवत होतो. भरलं. गळलं नाही. आणि मग जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, म्हणजे मासे आले नाहीत.

हे लोकांना समजावणं सर्वात कठीण गेलं. कॉलनीतून माणसं टाकी पाहायला यायची, चहा घ्यायची, पाण्यात बराच वेळ डोकावायची. मग जिभाऊंनी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "मासा कोठे शेतस?" मी सांगायचो, की माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो त्यांना विषासारखा. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. हे जीवाणू गाळणीत वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मी रोज चिमूटभर खाद्य टाकून रिकाम्या पाण्याला जेवू घालतोय. जिभाऊ ऐकून घ्यायचे. "म्हंजे हाई निस्तं पानी शे," असा निकाल द्यायचे आणि बशीत चहा ओतायचे.

तो महिना, खरं सांगू, मला सगळ्यात आवडला. रोज रात्री नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. अमोनिया असला की हिरवा, नसला की पिवळा. पस्तिसाव्या दिवशी पिवळा आला. मी लेकीला उठवून दाखवला. तिनं अर्ध्या डोळ्यांनी पाहिलं आणि विचारलं, "बाबा, आता तरी मासे?"

पिवळे आणले. दुकानात त्यांना इलेक्ट्रिक यलो म्हणतात, मलावी सरोवरातले. रावेरच्या केळीच्या घडातून उडी मारून आल्यासारखे दिसतात. पहिल्या दिवशी आठ, महिन्याभरात वीस.

लॅटिनमध्ये 'अ‍ॅक्वेरियम' म्हणजे गुरांना पाणी पाजायची जागा. १८५४ साली फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकानं तो शब्द काचेच्या टाकीला चिकटवला, आणि गुरं बिचारी बाजूला पडली. हे वाचलं तेव्हा मला नानांची डोणी आठवली. मळ्यात विहिरीशेजारी एकाच दगडातून कोरलेली, काठ गुरांच्या गळ्यांनी घासून गुळगुळीत झालेले. तिच्यात शेवाळ असायचं, डासांच्या अळ्या असायच्या, आणि नानांनी नदीतून आणून सोडलेले चार-दोन बारके मासे, अळ्या खायला. पाणी फक्त आमच्या बैलांचं नव्हतं. वाटेनं जाणारी कुणाचीही गुरं थांबायची. दुष्काळातही नाना घरात दोन हंडे कमी आणू द्यायचे, पण डोणी कोरडी ठेवायचे नाहीत. यावरून मायचं आणि त्यांचं भांडण व्हायचं. ती डोणी आता शेतासकट विकली गेली. कुठल्याशा हॉटेलवाल्यानं नेली म्हणे, त्यात त्यानं कमळं लावलीत.

मायचा विरोध मावळला तो भलत्याच कारणानं. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलावं लागतं, नाहीतर नायट्रेट साठत जातं. म्हणजे पंचवीसेक हंडे. मी ते गटारीत सोडायला निघालो तर मायनं नळीचं तोंड माझ्या हातातून घेतलं आणि परसातल्या वांग्यांना लावलं. नायट्रेट म्हणजे खतच की. दोन महिन्यांत वांग्यांची पानं हातपंख्याएवढी झाली. भरिताची वांगी ती, हिरवी, मोठाली. माय त्यातली दोन जिभाऊंकडे देऊन आली आणि "मासासनी वांगी" म्हणून सांगून आली. ज्या घरात माळकरी माणसं आहेत तिथं हे नाव कसं लागलं असेल याचा तिनं विचार केला नसावा. आता रविवारी मला उठायला उशीर झाला तर तीच हाक मारते.

मग एका मादीनं खाणं सोडलं. गाल फुगलेले, दगडाच्या कपारीत एकटीच. मला वाटलं आजारी आहे. मासेवाल्यानं सांगितलं, तिच्या तोंडात अंडी आहेत. ही जात अंडी तोंडात उबवते, पिल्लं पोहण्याजोगी होईस्तोवर तीन आठवड्यांच्या वर जातात, आणि तोवर ती जवळपास काहीच खात नाही. मी मायला सांगितलं. माय खुर्ची ओढून टाकीपुढे बसली. "पोरं तोंडमा धरी फिरस," ती स्वतःशी म्हणाली, "आन काहीच खास नही." पुढचे तीन आठवडे तिनं रोज सकाळी पूजेनंतर त्या मादीची चौकशी केली. मी तापानं दोन दिवस पडून होतो त्याच सुमारास. माझी एवढी झाली नव्हती.

मे आला. परदेशी माहितीपत्रकांत पाणी गरम करायच्या कांडीवर पानंच्या पानं असतात, ती मी सगळी फडफडवून उलटवली. इथं प्रश्न थंड कसं ठेवायचं हा. उपाय माठाचाच: पाणी उडालं की उरलेलं गार होतं, आणि आपली हवा इतकी कोरडी की पाणी उडायला टपलेलंच असतं. काचेचं झाकण काढलं, मासे उडी मारतात म्हणून जाळी लावली, वरून दोन लहान पंखे सोडले. पाणी तीन-चार अंशांनी उतरलं. रोज हंडाभराच्या वर हवेत जायचं, पण क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालायला गच्चीवरचं साठवलेलं पावसाचं पाणी. हे सगळं विजेवर.

मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी वादळ आलं. तिकडे केळीच्या बागा आडव्या झाल्या, इकडे तारा तुटल्या. इन्व्हर्टरनं रात्री एकपर्यंत दम धरला. मग पंखे थांबले, पंप थांबला, आणि घरात इतकी शांतता झाली की तिनंच मला जाग आली. टॉर्च मारला तर मासे सगळे वर, तोंडं पाण्याच्या काठाला. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३५ ला जेमतेम ७. आणि नेमका तेव्हाच माशांना जास्त लागतो. हे मी फळ्यावर लिहिलेलं आहे. अंधारात त्याचा उपयोग शून्य.

"ह्या मासा वर का यी राह्यनात?" माय मागे उभी होती.

"हवा कमी पडतेय. पाणी हलवायला पाहिजे."

तिनं काही विचारलं नाही. स्टूल आणलं, देवघरातला तांब्या आणला. स्टुलावर बसून जाळीचा कोपरा वर केला, तांब्या टाकीतून भरला आणि हात जमेल तेवढा उंच नेऊन धार सोडली. पाण्यात बुडबुडे खोल गेले. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. दोन मासे त्या धारेखाली आले, मग पाच. मी म्हटलं, माय, दे मी करतो, तुझे खांदे दुखतात. तिनं मान हलवली. टॉर्चच्या उजेडात मला तिचे ओठ दिसत होते.

बऱ्याच वेळानं तिनं तांब्या माझ्यापुढे केला.

"शंभर व्हयनात," ती म्हणाली. "आते तू टाक."