तीस किलो कांदा आणि चाळीची एक खोली

४ मे २०२४ला कांद्याची निर्यातबंदी उठल्याची बातमी आली आणि सासूबाई म्हणाल्या, "आता भाव चढणार, यंदा गोणी भरून ठेव." आदल्या वर्षीही भरली होती, पण बटाट्याच्या गोणीला खेटून ठेवली. जुलैत अर्धा कांदा सडला. ते नुकसान मला फार लागलं होतं, म्हणून त्या वर्षी कांदा कसा निवडायचा ते नीट विचारून घेतलं.

लालबागच्या आमच्या चाळीतली अकरा बिऱ्हाडं एकत्र आली. आम्ही तिघी पहाटे कॉटनग्रीनहून हार्बरने सानपाड्याला उतरलो आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गेलो. गाळ्यावर एका गोणीपेक्षा कमी माल देत नाहीत. सहा गोण्या घेतल्या, साधारण ३३० किलो, किलोला १८ रुपयांनी. हमाली, टेम्पो आणि वाशीचा टोल धरून घरपोच साडेचोवीस पडला. दारावरचा भाजीवाला तेव्हा तीसने देत होता. म्हणजे त्या दिवशी वाचले किलोमागे साडेपाच. एवढ्यासाठी पहाटेची झोप कोण मोडेल? खरा फायदा कांदा टिकला तरच होता.

तिथल्या एका म्हाताऱ्या हमालमामांनी शिकवलं: "ताई, मान बघा, कांद्याचं देठाकडचं टोक. मान जाड आणि ओली असेल तर तो आधी जाईल. बारीक, सुकलेली मान घ्या, पत्ती, म्हणजे वरची साल, दुहेरी पाहिजे." घरी आल्यावर गोणी लगेच सोडली. चार दिवस गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरला, मग माळ्यावर बांबूच्या टोपल्यांत, थर पातळ ठेवून. बटाटा दुसऱ्या टोकाला. दर रविवारी सगळा खाली काढून हाताने चाचपायचा. मऊ लागला की त्याच दिवशी भाजीत. पावसात खोलीला दमट वास यायचा, तेव्हा तासभर पंखा माळ्याकडे वळवायचा. कांदेनवमीला कोंब आलेल्यांची भजी झाली. शेजारच्या वहिनी चातुर्मास पाळतात, म्हणून त्यांनी आपला उरलेला वाटा दोन घरांना खरेदीच्याच भावाने दिला.

माझ्या वाट्याच्या तीस किलोंमधले सहा किलो तरीही सडून गेलेच. उरलेला चोवीस किलो हिशेबाने किलोला साधारण साडेतीस रुपयांना पडला. गणपतीत बाजारात साठ झाला, तेव्हा टोपलीत शेवटचे दोन किलो होते. दिवाळीला मात्र आम्ही सगळ्यांसारखा महागच घेतला. पुढच्या मेमध्ये गोण्या फार तर सात आणायच्या, जास्त नाही, असं ठरवलं, कारण माळ्यावर त्याहून जास्त कांदा पातळ थरात मावत नाही.