गाठ तीच

सोलापूर, २८ मे, रात्री

काल मालवणहून परतलो. आज पाण्याची पाळी नाही, उद्या नळ येईल. चार दिवस डोळ्यांपुढे नुसतं पाणी होतं, म्हणून हे जास्तच जाणवतंय.

नानांनी सत्तरी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या, त्या खडखडाटात कान गेले. पहिल्या संध्याकाळी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर वाळूत उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकू येतोय रे. कारखाना चालू असल्यासारखा." किती तरी वेळ तिथून हलले नाहीत.

किल्लाही पाहिला. १६६४ साली महाराजांनी पाया घातलेला सिंधुदुर्ग. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. नाना प्रत्येकीत वाकून बघत होते.

पण लक्षात राहील ती तिसऱ्या दिवशीची सकाळ. किनाऱ्यावर एक म्हातारे मासेमार फाटलेलं जाळं दुरुस्त करत बसले होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ. (वीण हा शब्द त्यांचाही, आमचाही.) हातात चपटी सुई, तिच्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळलेला, थेट मागाच्या धोट्यासारखी. नाना शेजारी जाऊन बसले.

"तुमी खंयसून इलात?"

मी सांगितलं, सोलापूर.

"चादरीचा सोलापूर?"

नानांनी काही न बोलता हात पुढे केला. मासेमारांनी सुई दिली. नानांनी दोन टोकं घेतली, एकाचा फासा केला, दुसरं आतून आणून मागून वळवलं, ओढलं. ताण्याचं सूत तुटलं की माग थांबवून मारायची ती गाठ. मासेमारांनी ती बोटाने दाबून पाहिली आणि हसले. जाळ्याच्या प्रत्येक घरात तीच गाठ होती! मग दोघं अर्धा तास समोरासमोर बसून गाठी मारत राहिले. एकाला नीट ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याची मालवणी नानांना कळत नव्हती.

दुपारी बांगड्याचा तिखला. तिरफळाने जीभ चुणचुणली. नानांनी पिशवीतली कडक भाकरी त्यात मोडली आणि वर सोलकढी प्यायले. असं जेवताना मी त्यांना फार वर्षांनी पाहिलं.

आत्ता ते झोपलेत. उशाशी त्या दोऱ्याचा वीतभर तुकडा आहे, मधोमध गाठ मारलेला.