कैरोतली संकष्टी

रावेर तालुक्यात केळीच्या बागेत वाढलेल्या माणसाला रमजान महिना पहिल्यांदा कळतो तो भावावरून. तो जवळ आला की केळीला मागणी वाढते, व्यापाऱ्यांच्या चकरा सुरू होतात, आणि एरवी आभाळाकडे फक्त पावसासाठी पाहणारे आमचे वडील चंद्रकोर दिसली का याची चौकशी करू लागतात. माझे ज्ञान एवढेच होते. २०२५ च्या मार्चमध्ये तीन आठवड्यांसाठी पाहुणा शिक्षक म्हणून गणित शिकवायला कैरोला गेलो, तेव्हा ते किती अपुरे आहे हे विमानतळाबाहेर पडल्यावर तासाभरातच लक्षात आले. इजिप्तमध्ये १ मार्चला, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा एक दिवस आधी, रोजे सुरू झाले होते. भर दुपारी टॅक्सीत बसून मी सवयीने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि निम्मी रिकामी केल्यावर चालकाचे कोरडे पडलेले ओठ मला आरशात दिसले. तो काहीच बोलला नाही. उलट ऊन माझ्या अंगावर येते आहे असे पाहून त्याने माझ्या बाजूचा पडदा ओढून दिला, आणि मी मात्र उरलेला प्रवासभर बाटली दप्तरात खोल दडवून बसलो.

शाळेच्या तासिका आखूड केलेल्या होत्या. मुले दुपारनंतर जांभया देत आणि शिक्षक त्या पाहूनही न पाहिल्यासारखे करीत. शहर जागे होई ते सूर्यास्तानंतर. गल्ल्यांवर ‘फानूस’ नावाचे रंगीत काचांचे कंदील टांगलेले असत. फातिमी खलिफा अल-मुइझ ९७३ साली या शहरात आला तेव्हा लोक कंदील घेऊन त्याच्या स्वागताला निघाले होते, आणि प्रथा तेव्हापासूनची, असे तिथे सांगतात. पहाटे सहरीसाठी लोकांना उठवीत फिरणाऱ्या ‘मसहराती’चे लहानसे ढोलके ऐकले, तेव्हा अर्धवट झोपेत मला आपल्याकडचा वासुदेवच आल्याचा भास झाला.

सर्वांत पाहण्यासारखी असे ती सूर्यास्तापूर्वीची पंधरा मिनिटे. रस्त्यावर मांडलेल्या लांबच लांब मेजांवर ओळखीचे-अनोळखी लोक समोर वाढलेले ताट ठेवून हात मांडीवर घेऊन बसलेले असत. चौकात तरुण पोरे थांबलेल्या वाहनांच्या खिडक्यांतून खजुराच्या पुड्या आत सरकवीत. असाच एक खजूर माझ्या तळहातावर आला आणि रोजा नसूनही तो अजान होईपर्यंत तोंडात टाकण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या दोन मिनिटांत मला आमच्या बागेत घड वाहणारे मजूर आठवले. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि त्यात आपल्यासारखा अधिकमास नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे-जूनच्या फुफाट्यात आला होता. त्या उन्हात खांद्यावर घड घेऊन गाडी भरणाऱ्यांपैकी दोघे-तिघे माठाकडे फिरकतच नसत. मी त्यांना ओळखत होतो, घड मोजून घेत होतो, आणि ते पाणी का पीत नाहीत हे विचारावे असे मला एकदाही सुचले नव्हते.

१७ मार्चला एका सहकारी शिक्षकाने घरी इफ्तारला बोलावले. नेमकी त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती, आणि ती मी कॉलेजच्या दिवसांपासून करीत आलो आहे. सहाच्या सुमारास अजान झाली, सर्वांनी खजूर उचलले, जर्दाळूच्या पोळीचे सरबत पेल्यांत ओतले गेले. ही पोळी आपल्या आंबापोळीची सख्खी बहीण शोभावी अशी असते. घरातल्या आजींनी माझे ताट पुढे सरकवले, तेव्हा मला नाइलाजाने सांगावे लागले की माझाही उपवास आहे आणि तो चंद्र दिसल्यावर सुटेल. पंधरा-सोळा दिवस रोजे करणारे ते कुटुंब घास हातात धरून माझ्याकडे पाहू लागले. “उस्ताद, पाणीसुद्धा नाही?” असे सहकाऱ्याने काळजीने विचारले. पाणी चालते, असे मी म्हणालो. फळे? चालतात. दूध? चालते. शेंगदाणे आणि बटाटाही चालतो, हे ऐकल्यावर मात्र त्याला हसू आवरेना, आणि खरे सांगायचे तर त्या मेजावर बसून साबुदाण्याच्या खिचडीचे वर्णन करणे मलाही जड गेले.

मग माझ्यापुढे केळी आली. मी फणी उलटून देठ पाहिला, साल दाबून पाहिली, आणि ही कितव्या दिवशी कापली असावी याचा हिशेब करू लागलो, तर आजींना वाटले की पाहुण्याला फळ पसंत पडले नाही.

चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या आपल्या कॅलेंडरात गावोगावची असते, कैरोची कुठून असणार? मोबाईलवर शोधली तेव्हा नऊच्या सुमाराची निघाली. तोवर आजींनी माझे ताट दुसरे ताट पालथे घालून झाकून ठेवले, करंजीसारखी दुमडून तळलेली आणि पाकात बुडवलेली ‘कतायेफ’ माझ्यासाठी बाजूला काढली, आणि सहकाऱ्याच्या धाकट्या मुलीला गच्चीवर पहाऱ्याला बसवले. समोरच्या इमारतीमुळे चंद्र वेळेवर दिसेना. ती दर पाच मिनिटांनी खाली येऊन मान हलवी, आणि पोटभर जेवलेले ते सगळे घर माझ्याबरोबर पुन्हा एकदा ताटकळत बसे. साडेनऊच्या पुढे केव्हातरी जिन्यावरून तिची आरोळी ऐकू आली, आणि माझ्याआधी आजीच उठून ताटावरचे झाकण काढायला गेल्या.