तुम्ही विचारलंत म्हणून : आठ कॉटचा हिशोब

"काकू, एका कॉटला 2,300? तेही वडगावात?"

कॉलेजच्या पोरींना राहायला मी घरामागं आठ कॉट भाड्यानं देते, एका कॉटचे महिन्याला 2,300, आणि मे-जून आला की हा प्रश्न मला रोज ऐकायला लागतोय. पोरींचे वडील विचारतात, कॉलेजमधल्या मॅडम विचारतात, परवा लग्नात माझ्या सख्ख्या नणंदेनं पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं, वहिनी तुम्ही पोरींना लुटताय म्हणे. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लपवण्यासारखं काही नाही. थोडं आहे, तेही सांगते.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा मागाचा भाग, रस्त्यानं चाललात तर अजून एखाद्या घरातनं खडखड ऐकू येते, पण पूर्वी ती सगळ्या गल्लीची मिळून एकच खडखड असायची आणि थांबली की झोप मोडायची. आमच्या मागच्या शेडमध्ये चार पॉवरलूम होते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, माग बघायचे, मी आणि सासूबाई सुताच्या कांड्या भरायचो. लॉकडाऊनमध्ये साड्या पडून राहिल्या, सूत महाग, व्यापारी फोन उचलेना. 2021 च्या दिवाळीआधी चारही माग भंगारात घातले, किलोवर. मालक त्या दिवशी शेतातल्या भावाकडं जाऊन बसले, वजन मी करून घेतलं. नंतर 2023 ला सरकारनं दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या मागांना वीज फुकट जाहीर केली, तेव्हा आमच्या शेडमध्ये माग ठेवलेल्या जागी नुसती बोल्टांची भोकं होती. असो.

तर शेड रिकामी. सोसायटीतनं साडेचार लाख काढले, मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या, फरशी, दोन बाथरूम, वर पत्र्याखाली सीलिंग. फरशीखालनं तेलाचा वास अजून येतो पावसाळ्यात, पोरी म्हणतात काकू कसला तरी मशीनचा वास येतोय, मी म्हणते येऊ दे की, घराण्याचा वास आहे. मुलींनाच द्यायचं आधीच ठरवलं होतं. 2022 च्या जूनमध्ये बाहेर पाटी लावली तर पहिली विचारणा कन्नडमधनं आली, "रूम ऐतेन्री?" म्हणजे रूम आहे का हो, आणि दुसरी चंदगडहून.

तेव्हा मी भाडं खोलीवर लावलं होतं. एक खोली 5,000. तिघी राहा, दोघी राहा, तुमचं तुम्ही वाटून घ्या. तिघी राहिल्या की एकीला साधारण 1,670 पडायचे. दोन खोल्यांचे माझे 10,000, त्यातले 8,000 सोसायटीच्या हप्त्याला. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

मग आली शक्ती योजना. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधनं राज्यात कुठंही फुकट. चांगलीच गोष्ट आहे, मीसुद्धा त्या आठवड्यात सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आले. पण माझ्याकडं खानापूरच्या दोघी होत्या, त्यांच्या वडलांनी हिशोब केला, खानापूर-बेळगाव पंचवीस-सव्वीस किलोमीटर, बस फुकट, मग रूमला पैसे कशाला, अप-डाऊन कर. गेल्या दोघी. मागं राहिली एकटी, ती म्हणाली काकू मी एकटी 5,000 कुठनं देऊ. बरोबरच आहे तिचं. तिला 2,000 मध्ये राहू दिलं आणि तीन हजाराला मुकले. त्या दोघींतली एक परीक्षेच्या टायमाला परत आली म्हणा, कारण बसला लोंबकळून पहिला तास कधीच मिळत नव्हता. फुकट बस ही रूमची जागा घेते पण सगळी नाही घेत. कणकुंबीकडची पोरगी पावसाळ्यात अप-डाऊन करूच शकत नाही, तिकडं जूनपासून नुसता धो धो. आणि चंदगडच्या पोरींचं आणखीनच वेगळं. चंदगडला बाजार, दवाखाना, कॉलेज सगळ्याला बेळगावच जवळ पडतंय, पण आधार कार्ड महाराष्ट्राचं. म्हणजे आमची बस त्यांना फुकट नाही. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण कॉलेजच्या वेळेला ती एसटी मिळायला पाहिजे ना. म्हणून माझ्या आठ कॉटमधल्या कायम तीन-चार चंदगडच्याच.

त्याच वर्षी आमची धाकटी पुण्याला गेली. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी वेगळा प्रकार आहे, फॉर्मवर टाईप ई म्हणतात, आपल्या वादग्रस्त भागात शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला असा दाखला लागतो. दाखल्यासाठी मालकांनी किती खेटे घातले ते वेगळं पुराण. सीट मिळाली, गल्लीत पेढे वाटले. पेढे वाटताना माझ्या डोक्यात आलंच नाही की सीट मिळाली म्हणजे कॉट मिळाली असं नसतंय. कॉलेजच्या हॉस्टेलच्या यादीत नाव नाही. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती म्हणून संस्था आहे, 1955 पासून खेड्यापाड्यातल्या पोरांना कमी पैशात ठेवून घेते, ते आम्हाला कळलं तोवर अर्जाची तारीख गेली होती, चूक आमचीच.

ऑगस्टमध्ये मी आणि ती कर्वेनगरात तीन दिवस फिरलो, चपला झिजल्या. तिथं मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला, कॉट बेसिस. मी येड्यासारखी विचारतेय खोलीचं भाडं किती, बाई म्हणते खोली नाही हो, कॉट. एका कॉटचे 6,000, दोन महिन्यांचं डिपॉझिट, एजंटाला एका महिन्याचं. कॉट म्हणजे काय, तर लोखंडी खाट, भिंतीतल्या कपाटाचा एक कप्पा आणि फ्रिजमधला एक ट्रे. आणि त्या एवढ्याशा खोलीत तीन कॉट. मी उभ्या उभ्या गुणाकार केला, 18,000 एका खोलीचे! आमच्या अख्ख्या शेडचे दहा. बाईचा राग आला, डिपॉझिट मोजताना हात थरथरत होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी डोक्यात आलं की आपण येडे आहोत.

परत आल्यावर पुढच्या वर्षापासून मी खोली द्यायचं बंद केलं. कॉट. प्रत्येक खोलीत तीनच्या जागी चार बसवल्या, जिथं एक माग होता तिथं दोन कॉट बरोब्बर मावतात. एकीचे 1,800. आता बघा गंमत. पोरीच्या दृष्टीनं 1,670 चे 1,800 झाले, म्हणजे सव्वाशे-दीडशे वाढले, कुणी भांडलं नाही. माझ्या दृष्टीनं 10,000 चे 14,400 झाले. मधला फरक कुठनं आला? चौथीच्या कॉटमधनं, म्हणजे तिघींच्या चालायफिरायच्या जागेतनं. पूर्वी मधे चटई टाकून तिघी जेवायला बसायच्या, आता कॉटवर ताट मांडीत घेऊन जेवतात. लोक म्हणतात भाडं वाढलं. वाढलंच की, पण थोडं पैशात वाढलं आणि बाकीचं सगळं जागेत, जागेतलं कुणाला दिसत नाही. हेच ते लपवण्यासारखं थोडं.

एक गोष्ट मात्र माझ्याही बाजूनं सांगते. खोलीवर होतं तेव्हा एखादी सोडून गेली तर तिचा भार उरलेल्यांवर पडायचा. आता कॉट रिकामी राहिली तर नुकसान माझं. एप्रिल-मेमध्ये निम्म्या कॉट रिकाम्या असतात.

मग 1,800 चे 2,300 कसे झाले? एकतर लाईट. पूर्वी बंबावर पाणी तापवून द्यायची, नारळाच्या शेंड्या, लाकडाची ढलपी काहीही चालायचं. आठ पोरींना सकाळी सात ते आठमध्ये बंब पुरत नाही, म्हणून गिझर बसवला. आमच्या घराला सरकारची गृहज्योती होती, घरगुती मीटरला आधीच्या सरासरी वापराच्या हिशोबानं जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत बिल नाही, पण 200 च्या वर एक युनिट गेलं की सगळंच भरायचं. घर आणि शेड एकाच मीटरवर. गिझर आला आणि आमची गृहज्योती विझली, आता महिन्याला अडीच-तीन हजार बिल. म्हणजे पोरींच्या आंघोळीपायी आमच्या टीव्हीचंसुद्धा बिल. झाडलोटीला बाई येते तिला 1,500. उन्हाळ्यात टँकर.

दुसरं म्हणजे शहर. नेहरूनगरच्या बाजूला मेडिकलची मुलं, मलेशियाहून आलेलीसुद्धा, ती फ्लॅट घेऊन राहतात, तिकडचं भाडं मी कधी विचारायच्या भानगडीत पडले नाही. पण तिकडं वाढलं की सदाशिवनगरला वाढतंय, मग टिळकवाडी, मग अनगोळ, आणि शेवटी वडगावात आमच्या शेजारीण मला सांगतात, अगं तू अजून 1,800 घेतेस? असं कुणी दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा माणूस 2,000 सांगतं. विद्यापीठ म्हणाल तर ते 2010 ला भूतरामनहट्टीला झालं, शहराबाहेर हायवेवर, तिथं शिकणाऱ्या कितीतरी पोरी राहतात मात्र शहरातच आणि रोज बसनं जातात.

मधे एक वडील पेपर घेऊनच आले होते, जुलै 2024 ला. म्हणाले हॉस्टेलवरचा जीएसटी काढला, महिन्याला 20,000 पर्यंत आणि सलग 90 दिवस राहिलं तर टॅक्स नाही, आता तुमचं भाडं कमी करा. मी म्हटलं दादा, वर्षाला वीस लाखाच्या वर धंदा झाला तर जीएसटी लागतो, माझा वीस लाख झाला असता तर मी तुम्हाला चहा नाही, जेवण वाढलं असतं. हसले बिचारे, पण 100 रुपये कमी करून घेतलेच.

आता शेवटचा हिशोब. आठही कॉट भरल्या तर 18,400. हप्ता 8,000, लाईट धरा 2,800, बाई 1,500. राहिले 6,100. आणि धाकटीच्या कॉटचे यंदा झाले 6,500. म्हणजे इथल्या आठ कॉट मिळून तिथली एक कॉट होत नाही, वर चारशे कमीच, डबा वेगळा. पैसे ह्या हातात येतात आणि दोन तारखेला फोनवरनं पुण्याला जातात, वासही लागत नाही. त्या चारशेसाठी मी रोज पिग्मीवाल्याला वीस रुपये देते, वर्षाखेरीला ते मोडून तिकडंच घालायचे. कणकुंबीचा बाप मला विचारतो तेच मी कर्वेनगरच्या बाईला विचारते, आणि मला खात्री आहे तिचंही पोरगं कुठं तरी शिकायला असणार आणि तिथं त्याला कुणी तरी लुटत असणार.

माझं माहेर निपाणीचं. तिथं मामा सांगायचे, आमच्यातली पोरं शिकली ती कोल्हापूरच्या बोर्डिंगांमुळं. शाहू महाराजांनी 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं, 1906 ला मुस्लिम बोर्डिंग, अशी रांगच लागली. महाराजांना कळलं होतं की खेड्यातल्या पोराला फी माफ करून भागत नाही, रात्री त्यानं पाठ कुठं टेकायची ते आधी बघायला पाहिजे. आमच्याकडं मागासवर्गीयांच्या पोरांना विद्यासिरी म्हणून योजना आहे, 2013 ला सुरू झाली तेव्हा राहण्या-खाण्याला महिन्याला 1,500, वर्षातले दहा महिने. त्या साली माझ्या ओळखीतली एक पोरगी त्यात रूमचा वाटा आणि डबा दोन्ही भागवून वर मोबाईलला रिचार्ज मारायची. आज माझी नुसती कॉटच त्याच्या वर गेली.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात कणकुंबीकडनं एक गृहस्थ आले, मुलीला बी.कॉम.ला घातलेलं. हातात फणस आणि पिशवीत तांदूळ. बसायला दिलं, पाणी दिलं, 2,300 सांगितलं. गप्प बसले. मग म्हणाले, वहिनी, भाव नाही पाडत, पण महिन्याच्या महिन्याला नाही जमणार, सुगीला एकदम देतो. आतनं मालक खुणावत होते, नको म्हणून. तेवढ्यात धाकटीचा फोन, पुण्यात पाचशे वाढवले म्हणून, वर्ष संपायच्या आधीच. मी फोन ठेवला आणि त्यांना म्हटलं, बरं, सुगीला द्या, पण तांदूळ ह्यात धरणार नाही. कमी नाही केलं मी भाडं. करता आलं नसतंच.

ती पोरगी आता दारालगतच्या कॉटवर असते, जिथं आमचा तीन नंबरचा माग होता. पाच नंबरची कॉट अजून रिकामी आहे. कुणाची मुलगी असेल तर सांगा. 2,300, लाईट बिल धरून, रात्री नऊला गेट बंद, रविवारी केस धुवायला बंबाचं पाणी फुकट.