पावस ते वाशी: आंब्याची गाडी आणि मागचे दोन टायर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पावसहून ६५ पेट्या हापूस भरून वाशीच्या फळबाजाराला निघालो. संध्याकाळी साडेपाचला गाडी हलली. सोबत पुतण्या. दरवर्षीचा हिशोब असा की रात्री महाड मागे पडायचं आणि पहाटे चारच्या आत बाजारात गाडी लावायची. यंदा पोचायला सकाळचे साडेसात वाजले. उशीर झाला तो टायरमुळे, आणि तोही टायर जुना होता म्हणून नव्हे. जेमतेम दहा महिन्यांचा होता, नक्षी शाबूत होती. आंब्याच्या हंगामात आपल्याकडून शेकडो पिकअप याच रस्त्याने रात्रीच्या धावतात. त्यातल्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

हातखंबा सोडला, निवळीचा घाट उतरलो, बावनदी, संगमेश्वर, इथपर्यंत काही जाणवलं नाही. आरवलीच्या पुढे सीटखालून बारीक धडधड सुरू झाली. स्टिअरिंग मात्र शांत होतं. ही खूण लक्षात ठेवा: थरथर हातात आली तर पुढचं चाक बघायचं, बुडाखाली आली तर मागचं. आधी वाटलं रस्त्याचे सांधे लागतायत, काँक्रीटवर तसा आवाज येतोच. पण वेग कमी केला तरी धडधड वेगाच्या तालावर कमी-जास्त होत राहिली. सावर्ड्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

पुतण्याने मोबाईलचा उजेड धरला. मागचं डावं चाक. टायरला हात लावला तर चटका बसला. पुढच्या चाकावर तळहात आरामात ठेवता येत होता, इथे दोन सेकंदही ठेववेना. आतल्या बाजूला खांद्यावर मुठीएवढा फुगा आला होता आणि नक्षीचा पट्टा त्या जागी उचलल्यासारखा दिसत होता. बाहेरून चाक अगदी ठणठणीत. खाली वाकून आतली बाजू बघितली नसती तर पुढे परशुराम घाटात काय झालं असतं, ते मनात आणवत नाही.

स्टेपनी होती, जॅक होता. पण भरल्या गाडीखाली घरचा जॅक लावायला मन धजेना, आणि रस्त्याची कड मातीची. त्यामुळे वीसच्या वेगाने रांगत चिपळूणच्या अलीकडे एका पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानातले मामा साठीचे असतील. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी बॅटरी घेऊन टायरच्या कडेवरची अक्षरं वाचली. मग पुढच्या चाकाची वाचली. मग म्हणाले, "भाऊ, मागचे दोन्ही टायर मालाच्या गाडीचे नाहीत. हे माणसं बसवायच्या गाडीचे आहेत."

मी म्हटलं, मामा, साईज तर तीच आहे. खरंच तीच होती. पुढेही २१५/७५ आर १५, मागेही २१५/७५ आर १५. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मागचे दोन बदलले तेव्हा दुकानदाराने साईज जुळवून दाखवली होती, एका टायरमागे दीड हजार रुपये कमी लावले होते, आणि मी खूश होऊन घरी आलो होतो.

मामांनी बोट ठेवलं ते साईजच्या पुढच्या आकड्यावर. मागच्या टायरवर १०० होता. पुढच्यावर १०६/१०३.

हा आकडा म्हणजे भार-निर्देशांक. प्रत्येक आकड्याला ठरलेलं वजन असतं: ९७ म्हणजे ७३० किलो, १०० म्हणजे ८००, १०३ म्हणजे ८७५, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००. दोन आकडे तिरकी रेघ मारून दिले असतील तर पहिला एका बाजूला एकच चाक असलेल्या गाडीसाठी आणि दुसरा जोडचाकांसाठी. आपल्या पिकअपला मागे एकेकच चाक, त्यामुळे पहिला बघायचा. शेवटचं अक्षर वेगाचं असतं, क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. माल वाहणाऱ्याला त्याची फारशी चिंता नाही, आपण तिथवर जातच नाही.

आता हिशोब करा. शंभरवाले दोन टायर मिळून १,६०० किलो पेलतात. १०६ वाले दोन मिळून १,९००. दिसायला सारखे, उंचीला सारखे, रिंगेवर सारखेच बसणारे, आणि एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ३०० किलोंचा फरक. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर पंधरा पेट्या.

दुसरी गोष्ट हवेची. त्या टायरच्या कडेवर कमाल हवा ४४ पीएसआय लिहिली होती. मी भरल्या गाडीला मागे ५५ ठेवत होतो, कारण आधीच्या टायरना तेवढी लागायची. म्हणजे टायरवर वजनही जास्त आणि आत हवाही जास्त. ताकदीबाहेर वजन पडलं की टायरची कूस, म्हणजे कडेची भिंत, प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा जास्त दबते आणि सुटते, त्यातून उष्णता साठते, आणि आतल्या पोलादी तारांचा पट्टा रबरापासून सुटायला लागतो. एप्रिलातला दिवसभर तापलेला रस्ता त्यात भर घालतो. नक्षी कितीही चांगली असली तरी ती वरून दिसते. सुटतं ते आतून.

मामांनी जे केलं ते प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्टेपनी मूळची, आठ प्लायची होती (प्लाय म्हणजे थरांच्या हिशोबाने सांगितलेली टायरची ताकद). ती मागे डावीकडे चढवली. मग पुढचा उजवा टायर, तोही मूळचा, काढून मागे उजवीकडे लावला, आणि मागचा दुसरा हलका टायर पुढे आणून त्याची हवा कमी केली. पिकअप भरली तरी पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन कमीच असतं, तिथे तो टायर रात्रभर तग धरणार होता. पुढे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा टायर ही काही कायमची सोय नव्हे, ब्रेक मारला की गाडी किंचित एकीकडे ओढत होती. पण दोन वजनदार चाकं वजनाखाली आली. "पन्नासच्या वर जाऊ नका, आणि पोलादपूरला उतरून सगळ्या चाकांना हात लावा," एवढं सांगून त्यांनी दीड तासाच्या कामाचे चारशे रुपये घेतले.

परशुराम घाट, लोटे, भरणे नाका, सगळं चाळीस-पन्नासने. कशेडीच्या बोगद्यात शिरताना धास्ती होती, कारण आत थांबायची सोय नाही. दोन किलोमीटरच्या आसपासचं ते अंतर कधी नव्हे इतकं लांब वाटलं. पोलादपूरला चाकं कोमट होती. माणगाव, इंदापूरच्या बाजारात नेहमीप्रमाणे वेळ गेला, वडखळला उजाडलं. वाशीला पोचलो तेव्हा पहिलं गिऱ्हाईक उरकून गेलं होतं. पेटीमागे दीडशे रुपये कमी मिळाले. दोन टायरमागे तीन हजार वाचवले होते, एका सकाळी पावणेदहा हजार गेले.

गाडी रिकामी झाल्यावर थेट कळंबोलीला गेलो. तिथे अवजड गाड्यांची वर्दळ असल्याने टायरची दुकानं भरपूर आहेत, आणि दुकानदाराला माल वाहणारी गाडी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तरीही पहिल्या दुकानात माझ्यापुढे जे टायर आले त्यातून पुन्हा चूक होऊ शकली असती.

पहिला होता त्याच शंभराच्या जातीचा. तो लगेच बाजूला केला. दुसऱ्यावर 'एलटी' लिहिलेलं होतं, म्हणजे लाइट ट्रक, आणि दुकानदार म्हणाला हा मालवाहू आहे, बिनधास्त घ्या. आकडा वाचला: १००/९७. सहा प्लायचा. म्हणजे एलटी असूनही एका चाकाला ८०० किलोच. ही खरी फसगतीची जागा आहे, कारण 'एलटी' अक्षरं दिसली की आपण निर्धास्त होतो. अक्षरांवर जाऊ नका, आकडा वाचा. तिसरा आठ प्लायचा, १०६/१०३. हा हवा होता. पण त्याच्या कडेवरच्या लंबगोलात शेवटचे चार आकडे १९२३ होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे: २०२३ च्या १९व्या आठवड्यात बनलेला. टायर न वापरताही रबर कडक होत जातं. तीन वर्षं दुकानात पडलेला टायर पूर्ण किमतीला मी का घ्यावा? आतून दुसरा आणायला सांगितला. थोडी कुरकुर झाली, पण दोन महिन्यांपूर्वीची जोडी निघाली. दोन्हींची तारीख जवळपास एक आहे ना तेही बघून घ्या.

रिमोल्डही, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेलाही, दाखवला, निम्म्या किमतीत. ज्यांची गाडी गावातल्या गावात खत-वैरण वाहते त्यांचं ठीक असेल. रात्रभर घाट आणि तापलेलं काँक्रीट असेल तर मी घेणार नाही, आणि पुढच्या चाकाला तर कुणीच घेऊ नये.

कंपनी कोणती, हा प्रश्न मला घरी परतल्यावर सगळ्यांनी विचारला. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, सगळ्यांकडे या मापात मालवाहू टायर आहेत. माझ्या मते कंपनीवर अर्धा तास वाद घालण्यापेक्षा तो वेळ भार आणि तारीख बघण्यात घालवावा. टायर सदोष निघाला तर तुमच्या तालुक्यात कुणाचा विक्रेता भरपाईचा क्लेम नीट करून देतो, हे मात्र जरूर विचारा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या. त्याशिवाय क्लेम उभाच राहत नाही. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. त्याआधीचा जुना भाव कुणी सांगत असेल तर बिल नीट वाचा.

नक्षीचं म्हणाल तर मी सरळ रेघांचा, कडेला थोडे काप असलेला टायर घेतला. माझा नव्वद टक्के रस्ता डांबर आणि काँक्रीट, फक्त बागेपर्यंतचे तीन किलोमीटर जांभ्याचे. जाड गोट्यांचा लग टायर काँक्रीटवर घोंगावतो आणि लवकर झिजतो. पण तुम्ही चिरेखाणीवर जात असाल तर माझं ऐकू नका, लगच घ्या, आणि कूस जाड असलेला घ्या. जांभ्याच्या धारेने कूस चिरते, नक्षी नव्हे.

ट्यूब नवीन घातल्या. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि तिथेच ती फाटते. शंभर रुपये वाचवायला जुनी घालू नका. दोन टायर, दोन ट्यूब, बसवणं आणि बॅलन्सिंग मिळून साडेपंधरा हजार लागले. नवी जोडी मागे, मूळची जोडी पुन्हा पुढे, आणि पुढचं अलाइनमेंट करून घेतलं. परतताना पन्नास-साठ किलोमीटरवर, पेणच्या पुढे, गाडी थांबवून सगळे नट पुन्हा आवळले. दोन नट पाव फेरा फिरले. हे काम दुकानदार सांगतोच असं नाही, आपणच करायचं.

चार दिवसांनी दुसरी खेप. तेवढ्याच पेट्या. या वेळी निघण्याआधी वजनकाट्यावर गेलो आणि फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. १,७९० किलो. म्हणजे आधीच्या जोडीवर मी प्रत्येक खेपेला १९० किलो जादा लादत होतो. तुमची गाडी भरलेली असताना एकदा असं मागचं वजन करून घ्या. त्याचा अर्धा केला की एका चाकावरचा भार निघतो. टायरवरच्या आकड्याचं वजन त्यापेक्षा शंभरेक किलोंनी तरी जास्त हवं, कारण दोन्ही बाजू कधीच सारख्या भरत नाहीत आणि वळणावर एका चाकावर जास्त येतं. माझं अंतर ५५ किलोंचंच उरतं, म्हणून यापुढे पाच पेट्या कमी भरायचं ठरवलं आहे.

हवा भरायची ती गाडी निघण्याआधी, चाकं थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलं आहे तेवढी. वाटेत गरम टायर मोजला की आकडा वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडाल तर फसाल. तीनशे रुपयांचा गेज मी आता डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो, पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत.

सावर्डे, पोलादपूर आणि वडखळ, तिन्ही ठिकाणी उतरून चाकांना हात लावला. चारही सारखी कोमट. बाजारात पावणेचारला गाडी लागली.

पुढची जोडी अजून चालेल, पण झीज दाखवणाऱ्या पट्ट्या नक्षीशी भिडायला थोडंच अंतर आहे. खोली १.६ मिलिमीटरवर आली की त्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीला येतात, आणि कायद्यानेही तिथेच टायर संपतो. भर पावसात घाट असेल तर मी तिथवर थांबणार नाही. मेअखेर आंबा संपला की, मृगाच्या आधी, ती जोडी बदलायची आहे.

फुगा आलेला टायर भंगारात गेला. दुसरा चांगलाच होता. पुतण्या म्हणाला, "काका, स्टेपनीला राहू दे ना." मी नको म्हटलं. कारण स्टेपनी लागते ती गाडी भरलेली असतानाच, आणि बहुतेक मागेच लागते. तो टायर आता पूर्णगडच्या खाडीत चुलतभावाच्या होडीच्या कडेला बांधला आहे, धक्क्याला घासू नये म्हणून. स्टेपनीला पुढच्या जोडीतला बरा असेल तो जाईल.