‘पाच मिनिटांत निघतो’

बाहेर पडायला किती वेळ लागेल, असे कोणी विचारले की मी आजही बिनदिक्कत ‘पाच मिनिटे’ असे उत्तर देतो, आणि प्रत्यक्षात पायांत चपला सरकवेपर्यंत पंचवीस मिनिटे सहज उलटून गेलेली असतात. हे खोटे बोलणे नव्हे. अंदाज करताना मी अंघोळ, कपडे आणि केस एवढीच कामे मोजतो. किल्ल्या शोधणे, चष्मा पुसणे, चढवलेला सदरा आरशात पाहून पुन्हा बदलणे, गॅस बंद केला की नाही हे पाहायला दारातून मागे फिरणे, ही कामे हिशेबात कधी येतच नाहीत, आणि खरा वेळ नेमका तीच खातात.

डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधील एका लेखात या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असे नाव दिले: पूर्वानुभव बाजूला ठेवून, सारे काही सुरळीत पार पडेल असे गृहीत धरूनच आपण अंदाज बांधतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात ५५हून अधिक दिवस लागले. प्रबंधाची ही कथा, तर हरवलेल्या मोज्याची काय असणार!

उशिराचे खापर नटण्यामुरडण्यावर फोडले जाते, ते मला अर्धवटच पटते. नटणाऱ्याला आपला वेळ निदान ठाऊक असतो. खरा घोळ घालतो तो ‘मी तर तयारच आहे’ असे म्हणत शेवटपर्यंत मोबाइल घेऊन बसलेला माणूस, आणि तो बहुधा मीच असतो. अलीकडे मी निघण्याच्या वेळेऐवजी दाराला कुलूप लावण्याची वेळ ठरवू लागलो आहे. त्यामुळे उशीर दहा मिनिटांवर आला आहे.