तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या पोर्टलवर काहीच का सापडत नाही?

हा प्रश्न मला लोकांनी लिफ्टमध्ये विचारलाय, ट्रेनिंग कॉलेजच्या मेसमध्ये विचारलाय, एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात जिलबी वाढली जात असतानाही विचारलाय. पुढचं वाक्यही ठरलेलं: "अहो मॅडम, गूगलवर अख्ख्या जगातलं सेकंदात सापडतं, आणि आपल्याच बँकेचं सर्क्युलर आपल्याच पोर्टलवर सापडू नये?" विचारणारा हसतो, मीही हसते. आता हसू येईनासं झालंय, म्हणून एकदा काय ते सांगून टाकते. बँकेचं हे अंतर्गत पोर्टल मी सांभाळते. बँकेचं नाव घेणार नाही. सरकारी बँकेत नोकरी केलेल्या कुणालाही ती आपलीच वाटेल.

आधी गूगलचं. 1998 च्या सुमारास स्टॅनफर्डमधल्या दोन विद्यार्थ्यांनी पानांचा क्रम लावायची जी युक्ती काढली, ती अशी की एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं दुवा देतात आणि ती पानं स्वतः किती वजनाची आहेत ते बघायचं. ते दुवे जगभरची माणसं आपणहून देत होती. आपल्याकडे एका सर्क्युलरमधून दुसऱ्याला दुवा कोण देतं? "संदर्भ: आमचे परिपत्रक क्र. अमुक, दिनांक तमुक" एवढं छापतात, त्यावर क्लिक होत नाही. शिवाय बाहेर प्रत्येकाला आपण सापडावं असं वाटतं, त्यासाठी लोक पैसे मोजतात. आपल्या खात्यांना सर्क्युलर 'इश्यू' झालं की सुटल्यासारखं वाटतं. नंबर पडला, फाइल बंद.

आणि ते इश्यू कसं होतं? संगणकावर व्यवस्थित टाइप केलेला मजकूर छापायचा, त्यावर साहेबांची सही घ्यायची, गोल शिक्का मारायचा, परत स्कॅन करायचा आणि 'स्कॅन0045' नावाने मला पाठवायचा. सर्चच्या लेखी तो फोटो. त्यात अक्षर नाही. राजभाषा अधिनियमाच्या कलम 3(3) मुळे हिंदी प्रत असतेच, पण जुन्या हिंदी प्रती कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या. पडद्यावर 'ऋण' दिसतं, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या टायपिंगमध्ये, तोच शब्द टाइप करून शोधणाऱ्याला शून्य निकाल.

शोधणाऱ्यांबद्दलही बोलते, रागावू नका. लोक काय शोधतात याची नोंद मी दर सोमवारी वाचते. सर्क्युलरचं शीर्षक 'मृत ठेवीदारांच्या दाव्यांचा निपटारा: कार्यपद्धतीत सुधारणा', आणि तुम्ही टाकता 'डेथ क्लेम'. त्यात तुमची चूक नाही. शीर्षक देणाऱ्याने काउंटरवर बसून बरीच वर्षं झालेली असतात. असे समानार्थी शब्द जोडत बसणं हे माझं निम्मं काम आहे. उरलेल्यात 'ट्रान्सफर लिस्ट', 'प्रमोशन रिझल्ट', हॉस्पिटलचं बिल, एलएफसी (रजेतल्या प्रवासभाड्याची सवलत), स्वतःचं नाव आणि 'गूगल'. होय, आपल्या पोर्टलच्या चौकटीत 'गूगल' शोधणारे पुष्कळ आहेत.

सुधारणा केल्या नाहीत असं नाही. जून 2022 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने काढून घेतला, तेव्हा निम्म्या जुन्या पानांना त्यांच्याच नव्या ब्राउझरच्या, एजच्या, 'आयई मोड'मध्ये (जुनी पानं चालवायची सोय) ढकलून का होईना, जिवंत ठेवलं. मुखपृष्ठावरचा अध्यक्षांचा फोटो लहान करून सर्चची चौकट मोठी केली, त्यावर तीन बैठका झाल्या. चांगलं सर्च इंजिन विकत घेतलं की सुटलं, असं मी स्वतः सादरीकरणात छातीठोकपणे सांगितलं होतं. आज तसं म्हणणार नाही. पण त्या वेळी तसं म्हटलं नसतं तर बजेट मिळालं असतं का? नसतं.

खरी अडचण नव्या इंजिनाने उघडी पाडली. ते जुनं सर्क्युलर फार पटकन शोधून देऊ लागलं.

मराठवाड्यातल्या एका शाखेत एक बाई मयत नवऱ्याच्या ठेवीसाठी आल्या. नॉमिनेशन नव्हतं. अशा दाव्यात किती रकमेपर्यंत वारसा दाखला न मागता, हमीपत्रावर पैसे द्यायचे, ती मर्यादा ज्याने त्याने ठरवायची असं रिझर्व्ह बँकेने 2005 मध्येच बँकांना सांगितलेलं. आपण ती मध्यंतरी वाढवली होती. तिथला असिस्टंट मॅनेजर सरळ माणूस. त्याने अंदाजाने काही सांगितलं नाही. पोर्टल उघडलं, 'डेथ क्लेम लिमिट' टाकलं आणि पहिला निकाल उघडला. तो जुना होता. बाईंची रक्कम जुन्या मर्यादेच्या वर आणि नव्या मर्यादेच्या आत. त्याने कोर्टाचा वारसा दाखला मागितला. बाई तालुक्याच्या कोर्टात गेल्या. वकील, जाहीर नोटीस, तारखा. पुढे त्यांच्या भाच्याला दुसऱ्या शाखेत खरी मर्यादा कळली आणि त्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली.

मग बँक जागी झाली. स्टाफ अकाउंटेबिलिटी, म्हणजे चूक कुठल्या कर्मचाऱ्याची ते ठरवायची चौकशी. मला पत्र आलं, दोन प्रश्न: नवीन परिपत्रक त्या तारखेला पोर्टलवर उपलब्ध होते काय? संबंधित अधिकाऱ्याने ते उघडले होते काय?

लॉग काढला, म्हणजे कुणी काय शोधलं, काय उघडलं त्याची पोर्टलवरची नोंद. उपलब्ध होतं. त्याने उघडलं नव्हतं. दोन्ही उत्तरं खरी. पण लॉगमध्ये आणखीही दिसत होतं. जुनं सर्क्युलर वर्डमधून थेट केलेलं, म्हणून सर्चला अक्षरन् अक्षर वाचता येत होतं, आणि वर्षानुवर्षांच्या क्लिक्स त्याच्या नावावर. नवीन म्हणजे सही-शिक्क्याचा फोटो, दुसऱ्या पानावर, तळाला. मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि निकालांच्या क्रमाचा स्क्रीनशॉट जोडपत्र म्हणून लावला. वरून फोन आला, "विचारलंय तेवढंच लिहा." मी जोडपत्र काढलं नाही. त्याने काय झालं? काहीच नाही. अंतिम टिपणीत आलं, 'परिपत्रक पोर्टलवर उपलब्ध असूनही अधिकाऱ्याने दुर्लक्ष केले.' दुर्लक्ष हा शब्द माझ्या उत्तरात कुठेही नव्हता. त्या वाक्याला आधार मात्र माझ्याच पहिल्या ओळीचा.

त्याला ताकीदपत्र मिळालं, नेमकं प्रमोशनच्या आधी. त्याने मला एकदाच फोन केला. चढा आवाज नाही, शिवी नाही. "मॅडम, मी शोधलं होतं हो." मी म्हटलं, मला माहीत आहे, लॉगमध्ये आहे.

तुम्ही म्हणाल, जुनं काढून का टाकत नाही? त्या फोननंतर मी त्याच तिरमिरीत संबंधित खात्याच्या डीजीएमकडे (उपमहाव्यवस्थापकांकडे) गेले. ते म्हणाले, "कुठलं काढताय? नव्याने फक्त परिच्छेद 4.2 बदललाय. खाली लिहिलंय, इतर सर्व सूचना पूर्ववत. त्या इतर सूचना जुन्यातच आहेत. आणि उद्या ऑडिटरने विचारलं, त्या साली नियम काय होता, तर?" मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्यांचं बरोबर होतं. आपली सर्क्युलरं अशी एकमेकांच्या अंगावर वाढलेली आहेत. एक उपटलं तर तीन लटकतात. मी मागितलं होतं एवढंच, की जुन्यावर लाल पट्टी येऊ दे: 'यातील अमुक परिच्छेद आता लागू नाही.' ती पट्टी लावायला कुणीतरी सही करून म्हणायला हवं की हा परिच्छेद मेला. ती सही आजतागायत मिळालेली नाही. चुकून जिवंत परिच्छेद मारला तर त्याचीही स्टाफ अकाउंटेबिलिटी निघते.

नोव्हेंबर 2025 मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने नऊ हजारांहून जास्त जुनी परिपत्रकं मोडीत काढून 244 मास्टर डायरेक्शन्समध्ये, म्हणजे विषयवार एकत्रित निर्देशांमध्ये, बसवली. ती बातमी मी डीजीएमसाहेबांना पाठवली. त्यांनी अंगठा दाखवला, वरच्या दिशेचा. म्हणजे होऊ शकतं. पण तिथे विभागच्या विभाग या कामाला बसले. आपल्याकडे मी आहे आणि कंत्राटावरचा एक मुलगा आहे, ज्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. ही सबब वाटते? असेल. ज्या बँका 1 एप्रिल 2020 ला एकत्र झाल्या तिथल्या माझ्यासारख्यांचा मी विचारही करत नाही. एकेका विषयावर दोन-तीन घरची सर्क्युलरं.

आता तुमच्या आवडत्या उपायाकडे येते. त्या असिस्टंट मॅनेजरने व्हॉट्सॲपवर सर्क्युलरांचा ग्रुप काढला. 1024 ची मर्यादा भरल्यावर दुसरा काढला. नवीन सर्क्युलर माझ्या पोर्टलवर चढायच्या आत तिथे पोचतं, सोबत त्याच्या हातच्या दोन ओळी: काय बदललं, कुणाला लागू. खात्यांकडून मी कधीपासून मागतेय त्या याच दोन ओळी. सुरक्षा विभागाला हे ग्रुप बंद करायचेत, अंतर्गत कागद बाहेर जातात म्हणून, आणि त्या प्रस्तावावर माझं मत मागवलंय. बंद करा असं मला लिहवत नाही. चालू द्या असंही नाही, कारण पोर्टलवर निदान उद्या पट्टी लावता येईल, हजार फोनांत उतरलेल्या पीडीएफवर कोण लावणार? ग्रुप सुरू करणाऱ्यालाही हे कळतं. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोर्टल नीट करा, मी दुसऱ्या मिनिटाला बंद करतो."

मीही त्या ग्रुपवर आहे. आता बिगर-सहकारी बँकांसाठी किमान 15 लाखांची मर्यादा रिझर्व्ह बँकेनेच ठरवून दिली आहे, तरी परवा तिथे कुणीतरी डेथ क्लेमची मर्यादा विचारली. पाच मिनिटांत तीन जणांनी तीन वेगवेगळ्या पीडीएफ टाकल्या.